लोकशाहीचा सेनानी : जनरल थिमय्या

स्वतंत्र राष्ट्राला सेना लागते आणि ती सेना राष्ट्राची असावी लागते. वरवर पाहता या दोन्ही गोष्टी एकच वाटतात. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास परकीय सत्तेतून मुक्त झालेल्या देशांचा इतिहास चाळला, तर अनेक देशांना पहिली गोष्ट साधली, दुसरी मात्र साधली नाही, असे आढळते. तेथे सेनापती राजवाड्यात गेले आणि लोकप्रतिनिधी तुरुंगात. भारतात तसे घडले नाही. याचे श्रेय राज्यघटनेला आहे, राजकीय नेतृत्वाला आहे. तसेच इंग्रजांच्या हाताखाली तयार होऊनही स्वतंत्र भारताच्या सेनेला योग्य वळण लावणाऱ्या पहिल्या पिढीतील भारतीय सेनाधिकाऱ्यांनाही आहे. त्या पिढीतील एक तेजस्वी नाव म्हणजे जनरल कोडेंदेरा सुबय्या थिमय्या. बेंगळुरूत शिकलेला आणि अखेर बेंगळुरूच्याच मातीत विसावलेला हा सेनानी. शहरातील रिचमंड रोडला आज त्यांचेच नाव आहे.

थिमय्यांचा जन्म मार्च १९०६ मध्ये कोडगूमधील मडिकेरी येथे झाला. आपल्याकडे या प्रदेशाला कूर्ग म्हणण्याचा प्रघात आहे. डोंगर, पाऊस, कॉफीचे मळे आणि शस्त्रपूजेची परंपरा ही तेथील कोडव समाजाची ओळख. भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा हेही याच कोडेंदेरा घराण्यातले. मुलाचे नाव सुबय्या, वडिलांचे थिमय्या. परंतु इंग्रजी दप्तरात वडिलांचे नावच आडनावासारखे नोंदले गेले आणि पुढे जगाने त्यांना त्याच नावाने ओळखले. आठव्या वर्षी त्यांना निलगिरीतील कुन्नूरच्या सेंट जोसेफ शाळेत पाठवण्यात आले. तेथील कडक शिस्तीनंतर बेंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९२२ मध्ये डेहराडून येथे भारतीय मुलांना लष्करी शिक्षणासाठी तयार करणारे विद्यालय सुरू झाले. थिमय्या त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. तेथून ते इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे गेले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये अधिकारी झाले.

त्या काळी भारतीय माणसाने सैन्यात अधिकारी होणे म्हणजे काय, हे आज समजून घ्यावे लागते. सैन्य भारतीयांचे, रक्त भारतीयांचे, खर्चही भारताच्या तिजोरीतून. पण हुकूम मात्र इंग्रजांचा. सुभेदार, जमादार कितीही अनुभवी असला, तरी नुकत्याच आलेल्या तरुण इंग्रज लेफ्टनंटला त्याने सलाम करायचा, अशी रीत होती. पहिल्या महायुद्धानंतर सँडहर्स्टमध्ये भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. १९२३ मध्ये फक्त आठ पलटणींचे भारतीयीकरण करण्याचा निर्णय झाला. मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण त्यांत होती, तशीच थिमय्यांची एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटणही होती. ही योजना उदार वाटत असली, तरी तिचा खरा हेतू निराळा होता. भारतीय अधिकारी याच आठ पलटणींत राहिले, म्हणजे कोणा इंग्रजाला भारतीयाच्या हाताखाली काम करण्याची वेळ येणार नव्हती.

अशा वातावरणात तरुण थिमय्यांच्या मनात द्वंद्व निर्माण होणे स्वाभाविक होते. बाहेर स्वातंत्र्याची चळवळ धगधगत होती आणि अंगावर परकीय राजाचा गणवेश होता. अलाहाबादला असताना मोतीलाल नेहरूंशी त्यांचा परिचय झाला. नोकरी सोडून चळवळीत यावे काय, असा प्रश्न त्यांच्यासारख्या काही अधिकाऱ्यांना पडला होता. मोतीलालजींनी त्यांना सैन्यातच राहण्याचा सल्ला दिला. उद्या देश स्वतंत्र होईल, तेव्हा युद्धशास्त्र जाणणारे स्वतःचे अधिकारी त्याला लागतील, असा त्या सल्ल्याचा आशय होता. थिमय्यांनी तो मानला.

१९३५ मध्ये त्यांचा विवाह नीना यांच्याशी झाला. त्याच वर्षी मे अखेरीस क्वेट्टा शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. हे नवविवाहित दांपत्य तेथेच होते. दोघांनीही मदतकार्यात स्वतःला झोकून दिले. नीनाबाईंना त्या सेवेबद्दल कैसर-ए-हिंद पदक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात या घराण्याच्या वाट्याला देशाच्या द्विधा मनःस्थितीचे जणू प्रतिबिंबच आले. थिमय्यांचे बंधू पोन्नप्पा सिंगापूरच्या पाडावानंतर जपान्यांच्या हाती लागले आणि नेताजींच्या आझाद हिंद सेनेत गेले. थिमय्या ब्रह्मदेशात जपान्यांशी लढत राहिले. दोघांनाही देशाचे स्वातंत्र्यच हवे होते. १९४५ च्या जानेवारीत आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ येथे घनघोर लढाई झाली. तेथील एक्कावन्नाव्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूर संस्थानातील वडगावचे शंकरराव थोरात. भारतीय माणूस शूर शिपाई होऊ शकतो, पण पलटण चालवणे त्याला जमणार नाही, या समजाला त्या लढाईने कायमचे उत्तर दिले. तिघांनाही डी.एस.ओ. हा मोठा सन्मान मिळाला. थिमय्या आणि थोरात यांचा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. त्यानंतर लवकरच थिमय्यांकडे एका ब्रिगेडची सूत्रे आली. युद्धभूमीवर पायदळाच्या ब्रिगेडचे नेतृत्व करण्याचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

युद्ध संपले आणि स्वातंत्र्य दृष्टिपथात आले. सेनेतून इंग्रज अधिकारी किती वेगाने कमी करता येतील, हे ठरवण्यासाठी गोपालस्वामी अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जपानमध्ये असलेल्या ब्रिगेडियर थिमय्यांना त्या समितीवर बोलावून घेण्यात आले. ज्या सेनेत वीस वर्षांपूर्वी भारतीयांना आठ पलटणींच्या कुंपणात ठेवले होते, तिच्या राष्ट्रीयीकरणाचा विचार करण्यासाठी त्याच कुंपणातला एक अधिकारी आता बसला होता. पुढे फाळणी झाली. रेजिमेंटी वाटल्या गेल्या, कालचे सहकारी सीमेपलीकडे गेले. पंजाबातील रक्तपातात निर्वासितांचे लोंढे सुखरूप आणण्याच्या कामी थिमय्या होते. त्या दिवसांनी त्यांना युद्धापेक्षाही भीषण असे काही दाखवले.

१९४८ च्या मे महिन्यात काश्मीर खोऱ्यातील फौजांचे नेतृत्व मेजर जनरल थिमय्यांकडे आले. लडाखची राजधानी लेह तेव्हा वेढली जाण्याच्या बेतात होती. तेथे जाणारा रस्ता नव्हता. समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांच्या वर, घाईने तयार केलेल्या धावपट्टीवर २४ मे रोजी पहिले डकोटा विमान उतरले. एअर कमोडोर मेहरसिंग ते चालवत होते आणि त्यांच्यासोबत स्वतः थिमय्या होते. इतक्या उंचीवर, पूर्वी कोणी न गेलेल्या मार्गाने ते विमान सुखरूप पोहोचेल याची शाश्वती नव्हती. जवानांना पाठवायचे, तर आधी आपण जायचे, हा त्यांचा बाणा होता.

याच बाण्याची खरी कसोटी झोजी ला खिंडीत लागली. श्रीनगरहून लेहकडे जाणारी ही खिंड शत्रूने अडवली होती आणि पायदळाचे हल्ले अपयशी ठरले होते. तेव्हा त्या उंचीवर रणगाडे चढवण्याचा निर्णय झाला. सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे वरचे भाग उतरवून, झाकून, गुप्तपणे जम्मूहून खिंडीच्या पायथ्याशी बालतालला आणले गेले. वाटेतले पूल भक्कम करावे लागले. बालतालपासून वर खिंडीत जाणारी वाट तर खेचरांची. ती रणगाड्यांसाठी रुंद केली मद्रास सॅपर्सच्या जवानांनी. बेंगळुरूच्या हलसूर तलावाकाठी ज्यांचे केंद्र आहे, तेच हे सॅपर्स. थंडी, बर्फ आणि गोळीबार यांना तोंड देत त्यांनी ती वाट सिद्ध केली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी रणगाडे खिंडीत शिरले. आघाडीच्या रणगाड्यात डिव्हिजनचे प्रमुख थिमय्या स्वतः होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील याची शत्रूला कल्पनाच नव्हती. खिंड मोकळी झाली आणि नोव्हेंबर अखेरपर्यंत द्रास, कारगिल घेऊन लेहशी संपर्क जोडला गेला. लडाख भारतात राहिला.

याच काळात दिल्लीत सेनेच्या कारभाराची घडी बदलत होती. तो बदल रणांगणावरील विजयाइतकाच महत्त्वाचा होता. ब्रिटिश अमदानीत सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या खालोखालचा माणूस. तो सैन्याचा प्रमुख असे आणि सरकारच्या कार्यकारी मंडळाचा सभासदही असे. हुकूम देणारा आणि धोरण ठरवणारा एकच. स्वातंत्र्यानंतर हे संपले. संरक्षण खाते लोकांनी निवडलेल्या मंत्र्याकडे गेले. भूदल, नौदल व वायुदल यांना स्वतंत्र प्रमुख मिळाले. सरसेनापतींचे दिल्लीतील भव्य निवासस्थान पंतप्रधानांचे निवासस्थान झाले. तेच पुढे तीन मूर्ती भवन म्हणून प्रसिद्धीस आले. १५ जानेवारी १९४९ रोजी करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले. १९५० च्या राज्यघटनेने सर्व सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले. ते राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने व कायद्यानुसार चालवायचे होते. सेनेचा खर्च संसदेच्या मंजुरीने होऊ लागला. १९५५ मध्ये कायदा करून सरसेनापती हे पदनामच रद्द झाले आणि भूदलप्रमुख हे साधे नाव आले. नावातला हा बदल लहान वाटतो, पण त्यामागे मोठा विचार होता : सेनापती सल्ला देईल, निर्णय लोकांचे सरकार घेईल.

थिमय्यांची कीर्ती जगभर पोहोचली ती कोरियामुळे. १९५३ मध्ये तेथील युद्ध थांबले, पण मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे तेवीस हजार युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांच्यासाठी नेमलेल्या पाच तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि त्या खुर्चीवर थिमय्या बसले. कैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात. कांगॉचे दोन मित्र पुन्हा एकत्र आले होते. एकदा बिथरलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून छावणीच्या आत डांबले. गोळीबार केला असता, तर शेकडो माणसे मेली असती. थोरात निःशस्त्र आत गेले, कैद्यांशी बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. आयोगात एका बाजूला पोलंड व चेकोस्लोव्हाकिया, दुसऱ्या बाजूला स्वीडन व स्वित्झर्लंड; मधोमध भारत. दोन्ही महासत्ता संशयाने पाहत असताना थिमय्यांनी कोणाचीही बाजू न घेता ते काम पार पाडले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. त्यानंतर पुण्यात मुख्यालय असलेल्या सदर्न कमांडचे आणि पुढे ईस्टर्न कमांडचे नेतृत्व त्यांनी केले.

मे १९५७ मध्ये ते भूदलप्रमुख झाले. याआधीचे भूदलप्रमुख जनरल श्रीनागेश यांचा जन्म कोल्हापूरचा. पुढे ते म्हैसूर राज्याचे राज्यपालही झाले. थिमय्यांची निवड करताना ज्येष्ठतेने वरच्या दोन अधिकाऱ्यांना बाजूला ठेवण्यात आले, यावरून सरकारचा त्यांच्यावरील विश्वास दिसतो. त्याच सुमारास कृष्ण मेनन संरक्षणमंत्री झाले. मेनन बुद्धिमान होते. शस्त्रास्त्रांचे उत्पादन देशातच व्हावे, हा त्यांचा आग्रह दूरदृष्टीचा होता. सातारा येथे १९६१ मध्ये पहिली सैनिक शाळा सुरू झाली, त्या कल्पनेचे जनकही तेच. परंतु सेनाधिकाऱ्यांशी वागण्याची त्यांची पद्धत, बढत्यांमधील त्यांचा हस्तक्षेप आणि चीनपासूनच्या धोक्याविषयीचे मूल्यमापन यांवरून त्यांचे व भूदलप्रमुखांचे तीव्र मतभेद झाले. ऑगस्ट १९५९ मध्ये ईशान्य सीमेवर लाँगजू येथे चिनी सैन्याने भारतीय ठाण्यावर गोळीबार केला. थिमय्यांनी आपली चिंता थेट पंतप्रधानांच्या कानी घातली. आपल्याला वगळून हे झाले, याचा संरक्षणमंत्र्यांना संताप आला. ३१ ऑगस्ट रोजी थिमय्यांनी राजीनामा दिला.

त्याच दिवशी पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि सीमेवरील परिस्थिती पाहता राजीनामा मागे घेण्याची विनंती केली. थिमय्यांनी ती मान्य केली. दुसऱ्या दिवशी बातमी वृत्तपत्रात फुटली आणि देशभर खळबळ उडाली. २ सप्टेंबरला पंतप्रधानांनी संसदेत निवेदन केले. मुलकी सत्ता हीच सर्वश्रेष्ठ आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. राजीनाम्यामागील कारणे मात्र किरकोळ व स्वभावभेदाची ठरवली. ज्याने शब्दाखातर राजीनामा मागे घेतला, त्याच्या वाट्याला जाहीर रीत्या कमीपणा आला. थिमय्या गप्प राहिले.

या मौनाचे मोल समजण्यासाठी शेजारी पाहावे लागते. अयुब खान हेही सँडहर्स्टचेच विद्यार्थी, त्याच ब्रिटिश भारतीय सेनेत वाढलेले. त्यांनाही राजकारणी माणसांचा वीट आला होता. ऑक्टोबर १९५८ मध्ये पाकिस्तानात लष्करी कायदा पुकारला गेला आणि त्याच महिन्यात अयुब खान राष्ट्राध्यक्ष झाले. योगायोग असा की, थिमय्यांच्या राजीनाम्याची बातमी फुटली, त्याच दिवशी अयुब खान दिल्लीच्या पालम विमानतळावर नेहरूंना भेटून गेले. एकाच शाळेतून निघालेले दोन सेनापती. सरकारशी न पटल्यावर एकाने सत्ता ताब्यात घेतली. दुसऱ्याने एक कागद पुढे ठेवला आणि विनंती होताच तोही परत घेतला. जवानांचे अतोनात प्रेम लाभलेल्या थिमय्यांच्या मनाला दुसरा विचार शिवला नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. राजीनामा मागे घेणे योग्य होते काय? ते ठाम राहिले असते, तर कदाचित सरकार व संसद त्याच वर्षी जागे झाले असते, असे अनेकांना वाटते. उलट, सीमेवर संकट असताना सेनापतीने निघून जाणे हे जवानांना वाऱ्यावर सोडण्यासारखे झाले असते, असेही म्हणता येते. थिमय्यांनी दुसरा मार्ग पत्करला आणि उरलेला काळ सावध करण्यात घालवला. ईस्टर्न कमांडचे प्रमुख असलेल्या थोरातांनी चीनच्या आक्रमणाला तोंड कसे द्यावे, याची तपशीलवार योजना आखली. थेट सीमारेषेवर विखुरलेली ठाणी टिकणार नाहीत. रसद पोहोचेल अशा आतील मजबूत जागी संरक्षणाची मुख्य फळी हवी, असे तिचे सूत्र होते. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे लाल किल्ला या नावाने त्यावर लष्करी सराव झाला. थिमय्यांनी ही योजना वर पाठवली, पण ती स्वीकारली गेली नाही. आपल्यानंतर थोरातांना नेमावे, ही त्यांची शिफारसही मान्य झाली नाही. मे १९६१ मध्ये दोघेही निवृत्त झाले. थिमय्या कोडगूच्या मळ्यात परतले.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्यांनी एका लेखात लिहिले, की चीनशी उघड युद्धात भारत एकट्याच्या बळावर उतरू शकेल असे सैनिक म्हणूनही आपल्याला वाटत नाही. ती जबाबदारी राजनीतीने पेलली पाहिजे. तीन महिन्यांनी युद्ध आले आणि पराभवही आला. मेनन यांना जावे लागले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीस संरक्षणमंत्री म्हणून गेले. तिन्ही दलांच्या प्रमुखांशी रोज सकाळी मोकळेपणाने बसून बोलण्याचा प्रघात त्यांनी पाडला. आधीच्या वर्षांत नेमकी हीच गोष्ट हरवली होती. नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्या व थोरात या दोघांनाही घेण्यात आले. आपण म्हणत होतो तेच खरे झाले, असे सांगत फिरण्याचा मोह थिमय्यांना झाला नाही.

जुलै १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांना सायप्रस बेटावरील शांतिसेनेचे प्रमुख नेमले. ग्रीक व तुर्की समाज तेथे एकमेकांच्या जिवावर उठले होते. पंजाबची फाळणी पाहिलेल्या सेनानीला ते दृश्य अपरिचित नव्हते. दोन्ही समाजांचा विश्वास संपादून ते काम करीत असतानाच १८ डिसेंबर १९६५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय एकोणसाठ होते. पार्थिव बेंगळुरूस आणण्यात आले आणि विल्सन गार्डन परिसरात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. पुढच्याच वर्षी सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. तेथील लार्नाका शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मडिकेरीतील त्यांचे घर, सनी साइड, आता संग्रहालय झाले असून २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

शाळा मुलांना आज्ञापालन शिकवते, आणि ते शिकवलेच पाहिजे. परंतु आज्ञापालन म्हणजे मान डोलावणे नव्हे, हे थिमय्यांच्या चरित्रातून उमगते. ज्या विषयाचे ज्ञान आपल्याला आहे, त्याविषयी वरिष्ठांना अप्रिय वाटले तरी स्पष्ट सांगावे. योग्य जागी, योग्य शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावे. त्यानंतर निर्णयाचा अधिकार ज्यांचा आहे, त्यांचा मान राखावा आणि आपले काम अधिक निष्ठेने करावे. वरिष्ठांच्या अंगी तसे ऐकून घेण्याचा मोठेपणा नसेल, तर त्याची किंमत साऱ्या समूहाला मोजावी लागते. १९६२ साली ती बर्फात उभ्या असलेल्या, अंगावर पुरेसे गरम कपडेही नसलेल्या जवानांनी मोजली. घर असो, शाळा असो वा राष्ट्र, सांगणारा निर्भय आणि ऐकणारा उदार असेल, तरच शिस्तीला अर्थ येतो.